बऱ्हाणपूरचा प्याला

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचं नाव निघालं की १६ ऑगस्ट १९४२ आठवतो. पोलीस ठाण्यावर गेलेला जमाव, गोळीबार, हुतात्मे. पुढच्या पिढ्यांनी गावाला ‘शहीद आष्टी’ म्हणावं, इतका तो दिवस मोठा होता. त्यामुळे याच गावात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या मोगल धाटणीच्या दोन मकबऱ्यांकडे बाहेरच्या माणसाचं सहसा लक्ष जात नाही. त्यातला मोठा मकबरा मोहम्मद खान नियाझी या अफगाण सरदाराचा. तो १६२७ साली वारला. दुसरा, आकाराने थोडा लहान, त्याचा मुलगा अहमद खान याचा. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरने या घराण्याची हकिकत थोडक्यात दिली आहे. बादशहा जहांगीरने आष्टी, आमनेर, पवनार आणि तळेगाव हे परगणे नियाझीला जहागीर म्हणून दिले, आणि ओसाड पडलेला हा मुलूख त्याने पुन्हा लागवडीला आणला.

मुलूख ओसाड का पडला होता, याचं उत्तर दख्खनच्या युद्धात आहे. ते युद्ध इतकं का लांबलं, याची कारणं अनेक असली तरी त्यातलं एक असं आहे की इतिहासाची पुस्तकं त्यावरून एका वाक्यात पुढे सरकतात. १५९५ ते १६२६ या तीसेक वर्षांत अकबर आणि जहांगीर यांनी दख्खनच्या आघाडीवर जे मोठे सेनानी पाठवले, त्यांतले चार जण दारूने मेले. त्यांत अकबराचे दोन मुलगे, जहांगीरचा एक आणि खानखानान अब्दुर्रहीमचा एक. त्यांतल्या दोघांना पाठवणाऱ्या जहांगीरचा हातही एके काळी इतका थरथरत होता की त्याला स्वतःचा प्याला स्वतः धरता येत नव्हता. हे कोणा शत्रूने लिहिलेलं नाही, त्यानेच आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

ती नोंद मुळातून वाचण्यासारखी आहे. सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, १५६९ साली जन्मला. लहानपणी औषध म्हणून दोनतीनदा दिली गेलेली दारू सोडली तर अठराव्या वर्षापर्यंत त्याने ती चाखली नव्हती. मग अकबराची फौज युसुफझाई अफगाणांच्या बंदोबस्तासाठी अटकेजवळ सिंधूकाठी उतरलेली असताना एके दिवशी शाहजादा शिकारीला गेला आणि दमून परतला. उस्ताद शाह कुली नावाच्या तोफचीने सुचवलं, एक प्याला घेतलात तर शीण जाईल. शाहजाद्याने हकीम अलीच्या घरी माणूस धाडला. हकिमाने लहानशा बाटलीतून दीड प्याला पिवळी, गोडसर द्राक्षाची दारू पाठवली. सलीम लिहितो, ती अवस्था मला आवडली.

त्या दीड प्याल्यापासून वीस प्याल्यांपर्यंतचा प्रवास नऊ वर्षांचा. आधी द्राक्षाच्या दारूने नशा येईनाशी झाली, म्हणून तो अरकाकडे वळला. मग दोनदा गाळलेला अरक सुरू झाला, ज्याला तेव्हा ‘दुआतिशा’ म्हणत. मोहाच्या ‘पहिल्या धारेची’ ख्याती ज्यांनी ऐकली आहे त्या वैदर्भीय वाचकाला या पेयाच्या ताकदीचा अंदाज वेगळा द्यायला नको. दिवसा चौदा प्याले, रात्री सहा. आणि खाणं? एखादी कोंबडी, रोटी, मुळा. सकाळी नशा उतरल्यावर हात असे कापत की दुसऱ्याने प्याला तोंडाला लावावा लागे.

जहांगीरला जे दिसलं ते त्याने लिहिलं. त्याच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं असेल, हे आज बरंच सांगता येतं. मद्यार्काचा रेणू लहान असतो, पाण्यात विरघळतो आणि पेशीच्या स्निग्ध आवरणातूनही आरपार जातो. त्यामुळे पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला त्याला काही मिनिटं पुरतात. मेंदूतल्या पेशींना शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. दारू त्याचा जोर वाढवते. पेशींना चेतवणारं दुसरं रसायन ग्लुटामेट, त्याचा जोर ती कमी करते. याचा फटका सगळ्यात आधी कपाळामागच्या भागाला बसतो. एका वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवणं, मनात आलेली गोष्ट क्षणभर थोपवून धरणं, चूक वेळीच ओळखणं ही कामं त्या भागाची. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने प्रयोगशाळेत माणसांना मोजून दारू दिली आणि त्यांच्या प्रतिसादाचा वेळ घड्याळाने मोजला. १८९२ साली त्याने ते प्रयोग छापले. थोड्या दारूनंतर हात हलण्यातली चपळाई काही काळ वाढल्यासारखी दिसे. पण पाहून, पारखून, निवड करायची कामं मंदावत आणि चुका वाढत. गंमत अशी की ती माणसं स्वतः मात्र आपण नेहमीपेक्षा जास्त हुशारीने काम करतोय असं समजत. आता डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युत लहरी मोजतात, तेव्हाही हेच दिसतं. एकसारख्या आवाजांत मधूनच वेगळा आवाज आला की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक लहर उमटते. दारूनंतर ती लहर खुजी होते आणि उशिरा येते. म्हणजे खूण कानावर पडते, पण तिची दखल नीट घेतली जात नाही.

रोज पिणाऱ्याची गोष्ट याहून वेगळी. गाबा आणि ग्लुटामेट यांचा तराजू मेंदू एका बाजूला झुकू देत नाही. दारूच्या पारड्याला तोलून धरण्यासाठी तो चेतवणाऱ्या यंत्रणेचं पारडं जड करत नेतो. म्हणूनच दीड प्याल्याचे वीस होतात. रात्र सरून रक्तातली दारू उतरली की हे दुसरं पारडं एकदम खाली बसतं, आणि मग थरथर, घाम, धडधड, कधी झटके, कधी नसलेल्या गोष्टी दिसणं. या शेवटच्या अवस्थेचं नीट वर्णन थॉमस सटन या इंग्रज डॉक्टराने १८१३ साली केलं. शाहजाद्याचा सकाळी कापणारा हात हा दारूच्या अमलाचा परिणाम नव्हता, तर ती उतरल्याचा होता. ही थरथर थांबवणारं औषध पुन्हा दारूच होतं, आणि फास आवळला जात होता तो इथेच.

त्यातून त्याला ओढून काढलं हकीम हुमामने. वीस प्याले पिणाऱ्या युवराजाला तोंडावर बोलण्याची हिंमत दरबारात कोणाची नव्हती. हकिमाने सरळ सांगितलं की हे असंच चाललं तर सहा महिन्यांत उपाय हाताबाहेर जाईल. सलीमला ते पटलं. पण त्याने दारू एकदम सोडली नाही, आणि आजचा डॉक्टर म्हणेल की त्या अवस्थेत एकदम सोडणं जिवावर बेतलं असतं. दोन भाग द्राक्षाची दारू आणि एक भाग अरक असं मिश्रण करून तो प्याले कमी करत गेला. सात वर्षांत वीसचे सहा झाले, तेही फक्त रात्री. मात्र दारू उतरत गेली तशी फिलुनिया नावाची अफूमिश्रित माजून चढत गेली. सुटका झाली ती अर्धीच.

त्याच्या दोन भावांना मात्र असा हकीम भेटला नाही. किंवा भेटलाही असेल, पण त्यांनी ऐकलं नाही.

मुराद सलीमपेक्षा वर्षभराने धाकटा. लहानपणी जेझुइट पाद्री मोन्सेरात याच्याकडे शिकलेला. १५९५ साली पंचविशीतल्या या शाहजाद्याला अकबराने अहमदनगरावर पाठवलं. बरोबर खानखानान अब्दुर्रहीम होता, दोह्यांमुळे आपण ज्याला रहीम म्हणून ओळखतो तो. दोघांचं पहिल्यापासून पटलं नाही. किल्ल्याखाली सुरुंग खोदले गेले, एक उडालाही, तटाला खिंडार पडलं. पण हल्ला कोणी आणि कधी चढवायचा यावर मोगल छावणीत एकमत होत नव्हतं. तेवढ्या वेळात किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीने रातोरात खिंडार बुजवून घेतलं. १५९६च्या तहात वऱ्हाड मोगलांना मिळालं आणि अहमदनगर राहून गेलं. आष्टीचा मुलूख मोगलांच्या ताब्यात आला तो या तहाने.

मुरादने वऱ्हाडातच मुक्काम केला. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरजवळ त्याने शाहपूर वसवलं. १५९७च्या सुरुवातीला विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगर यांच्या एकत्रित फौजेशी मोगलांची मोठी लढाई झाली. ती ज्या आष्टीजवळ झाली ती मात्र मराठवाड्यातली, पाथरीजवळची, गोदावरीकाठची, वर्ध्याची नव्हे. नावामुळे गोंधळ होऊ नये म्हणून सांगितलं. खानखानानने ती जिंकली, खानदेशचा राजा अली खान तिथे पडला, पण शाहजादा रणात नव्हता. त्याच वर्षी मुरादचा लहानगा मुलगा रुस्तम गेला आणि आधीच वाढलेलं पिणं ताळतंत्राबाहेर गेलं. अखेर अकबराने आपला विश्वासू मंत्री अबुल फझल याला त्याला परत आणायला धाडलं. मे १५९९ मध्ये अबुल फझल छावणीजवळ पोचला तेव्हा दौलताबादपासून वीस कोसांवर, पूर्णेच्या काठी, शाहजादा शेवटच्या घटका मोजत होता. त्याला एकोणतीस वर्षं पूर्ण व्हायलाही अजून महिना होता.

अहमदनगरचा वेढा दारूमुळेच फसला असं मी म्हणणार नाही. सेनापतींची भांडणं शुद्धीतही होतात, आणि चांदबिबीसमोर बाकीचेही गडबडले असते. पण क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली मांडलेली एक कल्पना इथे आठवते. दारूने माणूस आंधळा होत नाही, त्याची नजर तोकडी होते. समोरचं, ठळक, आत्ताचं तेवढं दिसतं. लांबचं आणि आडून येणारं दिसत नाही. खानखानानने केलेला अपमान समोर होता. गोवळकोंडा, विजापूर लांब होतं.

मुरादच्या जागी धाकटा भाऊ दानियाल आला. अकबर स्वतः दख्खनेत उतरला, १६०० साली अहमदनगर पडलं, पुढच्या वर्षी असीरगड पडला, आणि खानदेश, वऱ्हाड, अहमदनगर मिळून सगळं दानियालच्या हाती देऊन बादशहा आग्र्याला परतला. शाहजाद्याचं ठाणं बऱ्हाणपूर. तापीकाठचं हे शहर पुढची तीस वर्षं दख्खनच्या आघाडीचं मुख्यालय होतं आणि या कथेतल्या बहुतेक प्याल्यांचं घरही. खानखानानची मुलगी जाना बेगम दानियालला दिलेली होती, त्यामुळे सेनापती जावयावर बापासारखा लक्ष ठेवून होता. तरी शाहजादा पीतच राहिला. अकबराची फर्मानांवर फर्मानं आली. शेवटी खानखानानने वाड्याभोवती पहारे बसवले आणि दारूचा थेंबही आत जाऊ नये असा हुकूम दिला.

मग जे झालं ते जहांगीरने लिहिलं आहे, आणि ते लिहिताना त्याचा हात स्थिर राहिला याचं आश्चर्य वाटतं. दानियालला शिकारीचं वेड होतं. त्याची एक आवडती बंदूक होती. तिला त्याने नावही ठेवलं होतं, जनाजा, म्हणजे तिरडी. पहाऱ्यात कोंडल्यावर तो नोकरांसमोर रडला, हातापाया पडला, काहीही करून आणा म्हणाला. मुर्शिद कुली नावाच्या बंदूकची नोकराने त्याच बंदुकीच्या नळीत दुआतिशा अरक भरला आणि पहाऱ्यातून आत नेला. नळीत जुन्या दारूगोळ्याची राख होती, गंज होता. तीव्र अरकात तो विरघळला. ते पिऊन दानियाल जो अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. १६०५च्या सुरुवातीला, बत्तिसाव्या वर्षी, तो बऱ्हाणपुरात गेला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अकबरही गेला. तख्तासाठी सलीमच्या विरोधात मानसिंग आणि अझीझ कोका या सरदारांनी खुसरोचं, म्हणजे सलीमच्याच मुलाचं नाव पुढे केलं, पण ते टिकलं नाही. अकबराच्या तीन मुलग्यांपैकी जिवंत असलेला एकटा सलीम होता. त्याने काही वर्षं बापाविरुद्ध उघड बंड केलं होतं, अबुल फझलचा खून करवला होता. मुराद किंवा दानियाल धडधाकट असता तर अकबराने काय केलं असतं, हा प्रश्न मोगल इतिहासात फारसा कोणी विचारत नाही. मला तो विचारावासा वाटतो. मोगलांत थोरलेपणाने तख्त मिळत नसे. हकीम हुमामचं ऐकणारा एक भाऊ उरला आणि न ऐकणारे दोघे गेले, या एवढ्या फरकावर १६०५ची वारसाहक्काची बाजी बरीचशी आधीच लागून गेली होती.

गादीवर बसताच जहांगीरने बारा हुकूम काढले. त्यातला एक असा की राज्यात दारू आणि अन्य मादक पदार्थ कोणी गाळू नयेत, विकू नयेत. आणि त्याच ओळीत तो मोकळेपणाने लिहितो की मी स्वतः अठराव्या वर्षापासून पितो. दारूबंदीच्या इतिहासात इतका प्रांजळ मजकूर दुसरा नसेल. वर्ध्याच्या वाचकाला हसू येईल, कारण आष्टीसकट हा सगळा जिल्हा १९७०च्या दशकापासून दारूबंदीचा. गांधीजी सेवाग्रामला होते आणि विनोबा पवनारला. त्या पवनारला, जे नियाझीच्या जहागिरीत होतं. हुकूम निघणं आणि दारू थांबणं यांच्यामधलं अंतर या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

जहांगीरच्या काळात दख्खनेत मोगलांसमोर उभा होता मलिक अंबर. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कारभारी झाला आणि त्याने मराठा बारगिरांना हाताशी धरून गनिमी काव्याने मोगलांना पंचवीस वर्षं झुलवलं. पीटर व्हान डेन ब्रूके हा डच व्यापारी १६१७ साली त्याच्या छावणीत गेला होता. त्याने नोंदवून ठेवलंय की तिथे दारू पिऊन सापडणाऱ्याच्या घशात शिशाचा रस ओततात आणि छावणीत दारू विकायला आणण्याची कोणाची छाती होत नाही. शिक्षा प्रत्यक्षात किती वेळा झाली हा भाग वेगळा. धाक मात्र परक्या व्यापाऱ्याच्याही कानावर पडण्याइतका होता.

त्याच आघाडीच्या दुसऱ्या टोकाला, बऱ्हाणपुरात, जहांगीरचा मुलगा परवेझ सेनापती होता. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडचा वकील टॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना बऱ्हाणपुरात थांबला. शाहजाद्याला भेटून त्याने नजराणे दिले, त्यात दारूच्या बाटल्यांची एक पेटी होती. परवेझने आतल्या दालनात निवांत बोलावतो असं सांगितलं. रो वाट पाहत बसला. बोलावणं आलंच नाही. आपणच दिलेल्या बाटलीने शाहजादा बेशुद्ध झाला, असं रोने रोजनिशीत टिपलं आहे. त्याने आणखी एक गोष्ट हेरली, ती राजकारणाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. नावाला सेनापती शाहजादा असला तरी सगळा कारभार खानखानान पाहतो, हे त्या परक्या माणसाच्या थोड्याच दिवसांत ध्यानात आलं. मलिक अंबरला ते कळायला तर वकील पाठवण्याचीही गरज नव्हती.

खानखानानचा मुलगा शाहनवाज खान मात्र कर्तबगार निघाला होता. १६१६ साली त्याने मलिक अंबरला रोशनगावजवळ जबर हरवलं आणि त्याची खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, लुटून जाळली. दरबारातून निरोप देताना जहांगीरने त्याला बजावलं होतं की तुझं पिणं माझ्या कानावर आलंय, या वयात स्वतःचा घात करू नकोस. वीस प्याल्यांतून परत आलेल्या माणसाने दिलेला हा सल्ला होता. १६१९ साली शाहनवाज दारूनेच गेला. वय तेहतीस. खानखानानने आधी जावई गमावला होता, आता मुलगा.

दख्खनेतल्या या घडामोडी चालू असताना दरबारात काय चाललं होतं? तेही रोकडूनच कळतं. १६१६च्या वाढदिवसाला जहांगीरने त्याला रत्नजडित सोन्याच्या प्याल्यातून दारू पाजली. ती इतकी जळजळीत होती की रोला शिंका आल्या आणि बादशहा हसला. संध्याकाळच्या बैठकीत बोलता बोलता जहांगीर पेंगायचा. मग मेणबत्त्या विझवत आणि लोक अंधारात चाचपडत बाहेर पडत. एका रात्री बादशहाने स्वतःच सरदारांना पिण्याचा हुकूम दिला. पिणाऱ्यांची नावं रीतीप्रमाणे बक्षीच्या वहीत चढली. दुसऱ्या दिवशी भर दरबारात कोणीतरी त्या मैफलीचा उल्लेख केला. जहांगीरने विचारलं, कोणी दिला होता हुकूम? त्याला आठवतच नव्हतं. आणि आठवण करून द्यायची कोणाची हिंमत झाली नाही. यादी मागवली गेली. काहींना हजारोंचा दंड झाला, काहींना चाबकाने फोडून काढलं.

मी हा प्रसंग क्रौर्याचा म्हणून सांगत नाही. क्रौर्याला त्या काळात तोटा नव्हता. मेंदूच्या अंतर्भागात हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, घडलेल्या गोष्टीची आठवण तिथे तयार होते. रक्तातली दारू वेगाने वाढली की हे कामच थांबतं. माणूस बोलतो, हसतो, हुकूम देतो, पण त्याची नोंद होत नाही. हा विसर नव्हे, कारण विसरायला आधी आठवण असावी लागते. सामान्य माणसाच्या बाबतीत याने घरात भांडणं होतात. इथे ज्याचा शब्द हाच कायदा, त्याच्या बाबतीत हे घडत होतं, आणि बक्षीच्या वहीत जे होतं ते बादशहाच्या डोक्यात नव्हतं.

तरी जहांगीरला नुसता दारुडा ठरवणं अन्यायाचं होईल. या माणसाचं अवधान विलक्षण होतं. पाळलेल्या सारसांची जोडी अंडी कशी उबवते, नर कधी बसतो, मादी कधी, हे त्याने दिवसच्या दिवस पाहून लिहिलं. एकाच चित्रात अनेक चितारांनी काम केलं असेल तर कोणता चेहरा कोणाच्या हातचा हे मी सांगतो, असा त्याचा दावा होता. १६१८ साली इनायत खान नावाचा अफू आणि दारूने पोखरलेला सरदार पालखीतून त्याच्यापुढे आणला गेला. हाडांवर ताणलेली कातडी पाहून जहांगीर थक्क झाला आणि त्याने चितारांना ते उतरवून घ्यायला सांगितलं. ते चित्र आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मरणाऱ्या माणसाचं चित्र काढवणं कोणाला निर्दय वाटेल. मला त्यात स्वतःचं दुसरं रूप निरखणारा माणूस दिसतो. फक्त रात्री प्यायचं या नियमामुळे त्याच्याकडे दिवसाचे काही तास स्वच्छ उरत होते, आणि ते त्याने पक्षी, चित्रं आणि लेखन यांच्यावर खर्च केले. मोहिमांच्या वाट्याला उरलं ते थोडं होतं.

त्याचा तिसरा मुलगा खुर्रम पीत नसे. चोविसाव्या वर्षाच्या तुलादानाला, १६१६ साली, बापानेच त्याला आग्रह करून प्याला दिला; सणासुदीला घ्यावी, मात्र बेताने, असं सांगून. पाच वर्षांनी मलिक अंबरने पुन्हा उचल खाल्ली तेव्हा खुर्रम, आता शाहजहान, दुसऱ्यांदा दख्खनेवर निघाला. वाटेत चंबळेच्या काठी त्याने दारू सोडण्याची शपथ घेतली, बरोबरची सगळी दारू नदीत ओतली आणि सोन्यारूप्याचे जडावाचे प्याले फोडून गोरगरिबांना वाटले. यात दिखावा होताच. खानव्याच्या लढाईआधी बाबराने हेच केलं होतं आणि घरातल्या सर्वांना ती गोष्ट पाठ होती. पण ज्या आघाडीवर दोन काका आणि एक मातब्बर सरदार प्याल्यात बुडाले, तिकडे जाताना त्याने हे करावं याला अर्थ आहे. काही महिन्यांत त्याने मलिक अंबरला तह करायला लावलं.

पुढचं भराभर झालं. १६२२ पासून जहांगीरला आजारपणाने लिहिणं झेपेना. आत्मचरित्र त्याने मुतमद खानाच्या हाती सोपवलं. बेगम नूरजहानने त्याचे प्याले कमी करायला लावले होते, हे त्याने आधी कृतज्ञतेने नोंदवलं आहे. राज्याचा कारभार तर कधीच तिच्याकडे गेला होता. १६२६ साली मलिक अंबर वारला, मोगलांसाठी याहून चांगली संधी नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात परवेझ बऱ्हाणपुरातच दारूने गेला. १६२७ साली खानखानान अब्दुर्रहीम, आष्टीचा नियाझी आणि ऑक्टोबरात जहांगीर, असे तिघे एका वर्षात गेले.

दख्खन मोगलांना लवकर मिळाली नाही याला डोंगर होते, दुष्काळ होते, मराठा घोडदळ होतं, मलिक अंबरची बुद्धी होती. दारू नसती तर अहमदनगर १५९६लाच पडलं असतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण फौजेला ज्याच्या तोंडाकडे पाहून हलायचं असतं तो माणूसच जागेवर नसणं, आणि ते तीस वर्षांत पुन्हा पुन्हा घडणं, याची किंमत मोगलांनी वेळेच्या रूपात मोजली. त्या वेळात मलिक अंबर घडला, शहाजीराजे भोसले घडले. वऱ्हाडातली शेतं मात्र दोन्ही बाजूंच्या घोड्यांनी तुडवली.

तख्ताचा हिशेब अधिक स्पष्ट आहे. १६०५ साली सलीमसमोर भाऊ उरला नव्हता. १६२७ साली खुर्रमसमोर परवेझ उरला नव्हता. राहिलेल्यांचा निकाल तलवारीने लागला. जानेवारी १६२८ मध्ये शाहजहानच्या हुकुमाने लाहोरात पाच शाहजाद्यांना एकदम मारलं गेलं. त्यांत तहमूरस आणि होशंग हे दोघे भाऊ होते. बऱ्हाणपुरात बंदुकीच्या नळीतून दारू प्यायलेल्या दानियालचे हे मुलगे.